अडतीसची छाती

त्या शिवणखान्यात त्याला कुणी नावाने हाक मारीत नसे. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला ‘अडतीस’ म्हणत. कारण त्याची छाती बरोबर अडतीस इंच होती, ना सूतभर जास्त, ना सूतभर कमी. खांदे, हात, मान, पाठ हेही सगळं छापल्यासारखं त्याच मापाला जुळलेलं. देवाने एखादं शरीर असं घडवावं आणि त्या माणसाने पोटासाठी तेच वापरावं, यात गैर काही नाही. हमालही पाठच वापरतो. पण हमालाला दिवसभर कुणी ‘हलू नकोस’ म्हणत नाही.

तिथे गणवेश शिवले जात. रखवालदारांचे, ड्रायव्हरांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे. नवा गणवेश आला की पहिला नग अडतीसच्या मापाचा शिवायचा, त्याच्या अंगावर चढवायचा, कुठे ओढतंय, कुठे लोंबतंय ते बघायचं आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याचा साचा कमी-जास्त करायचा. बाकीची सगळी मापं, चौतीसपासून शेहेचाळीसपर्यंत, त्याच एका साच्यावरून काढायची. म्हणजे अडतीस बरोबर तर सगळे बरोबर. अडतीस चुकला तर सगळे चुकले.

लांबलचक कापायच्या टेबलाच्या डोक्याशी एक बुटकं स्टूल होतं. त्यावर तो हात जरासे फाकवून उभा राही, आणि मास्तर त्याच्याभोवती टाचण्या घेऊन फिरत. मास्तर म्हणजे तिथले मुख्य कापणारे, आणि याच्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. टाचण्या तोंडात धरून बोलायची त्यांना सवय.

“पोट आत ओढू नकोस. तुला कोण बघायला येणार आहे?”

“टाचणी टोचली, मास्तर.”

“टोचली तर टोचली. कापड बोलतं का कधी?”

मशीनवरची माणसं हसत. मास्तरांचा विनोद होता म्हणून हसत, विनोदात दम होता म्हणून नव्हे.

तीस वर्षांत मास्तरांचा एक गणवेश परत आला नव्हता. टेप गळ्यात असायचा, पण तो दागिन्यासारखा. एकदा मोजलेलं माणूस ते पुन्हा मोजत नसत. “टेप माझ्या बोटांत आहे,” म्हणायचे. अडतीसला त्यांनी मोजलं ते सहा वर्षांपूर्वी, तो कामाला लागला त्या दिवशी. त्यानंतर कधीच नाही.

तो काही स्टुलावर उभा राहायला आला नव्हता. त्याची पहिली नोकरी स्वेटरच्या कारखान्यात होती. तो बंद पडला, तेव्हा मास्तर स्वतः बहिणीच्या घरी आले, चहाचा कप हातात धरून म्हणाले, “पाहुणे, एक वर्ष कळ काढा. कात्री तुमच्या हातात देतो. कापणाऱ्याला मरण नाही.” घरी ते बहिणीच्या नवऱ्याला ‘पाहुणे’ म्हणत, अहो-जाहो करत. शिवणखान्याच्या उंबऱ्याच्या आत मात्र ‘ए अडतीस’. एका वर्षाची दोन झाली, दोनाची सहा. या सहा वर्षांत त्याने बटणं मोजली, गठ्ठे उचलले, इस्त्री तापवली आणि स्टुलावर उभा राहिला. कात्रीला मास्तरांनी त्याला बोट लावू दिलं नाही.

एका दुपारी त्याने विचारलंच. सगळे जेवून हात पुसत होते.

“मास्तर, माझ्या कात्रीचं काय झालं?”

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, सगळे ऐकताहेत याची खात्री केली आणि मग बोलले. “हे बघ. कापणारे मला पन्नास मिळतील. असा तयार अडतीस कुठे मिळतो? तू जाड होऊ नकोस, बारीक होऊ नकोस, आजारी पडू नकोस. एवढंच तुझं काम. तू हललास की माझं माप हललं.”

“म्हणजे मी जन्मभर पुतळा?”

“पुतळ्याला डबा लागत नाही,” मास्तर म्हणाले, आणि मशीनवरून हशा उठला.

अपमान गिळायची त्याला सवय होती. त्या दिवशी मात्र गिळताना एक शब्द घशात अडकला. ‘तू हललास की माझं माप हललं.’ रात्री जेवताना, सकाळी दाढी करताना तो तेच घोळवत राहिला. अडतीस आहे तोवर तो स्टुलावर. मग अडतीस राहायचं कशाला? चाळीस झालो, एक्केचाळीस झालो, की मास्तर आपले आपण म्हणतील, याचा आता उपयोग नाही. दुसरा पुतळा शोधतील. आणि दिलेला शब्द पाळण्यावाचून त्यांना गत्यंतर उरणार नाही.

नुसतं खाऊन पोट सुटलं असतं, छाती नाही. म्हणून तो व्यायामशाळेत गेला.

गॅरेजच्या वर एक खोली होती. रबराची काळी जमीन, गंजलेल्या वजनांच्या चकत्या, एका भिंतीला तडा गेलेला आरसा. तिथला कोच पन्नाशीचा, मोडक्या कानाचा माणूस. त्याने याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“काय पाहिजे?”

“छाती.”

“सगळ्यांना छातीच पाहिजे. पाय कुणी मागत नाही.” कोचने एका सपाट बाकाकडे बोट केलं. “झोप.”

नुसत्या दांड्याने सुरुवात झाली, वजन न लावता. तो वीस किलोचा दांडा खाली छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. सहाव्या खेपेला त्याचे हात लटपटू लागले. कोच डोक्यापाशी उभा होता, पण त्याने हात लावला नाही.

“खांदे कानाकडे चाललेत. पाठीची पाती मागे जवळ घे, बाकाला रोव. छाती वर. आता ढकल. तुझ्याकडे बघून वाटतं, कुणीतरी तुला टांगून ठेवलं होतं.”

“टांगूनच ठेवलं होतं,” तो म्हणाला.

कोचने शिकवणी दिली ती शिव्यांसकट. आठवड्यातून दोनदा छाती, मध्ये दोन दिवस तरी विसावा. आधी सपाट बाकावर, मग बाक थोडा उचलून, म्हणजे गळ्याखालची वरची छाती भरते. मग दोन्ही हातांत डंबेल घेऊन, कुणाला कवेत घ्यावं तसे हात मिटायचे, म्हणजे मधली रेघ उठते. शेवटी जोर काढायचे, हात उचलवेनात तोवर. “आणि पाठही करायची. नुसती छाती करशील तर खांदे पुढे येतील आणि पोक काढून फिरशील. वजन घाईने वाढवायचं नाही. ठरवलेल्या खेपा नीट झाल्या तरच पुढच्या वेळी अडीच किलो. खा, झोप. बाकाशी भांडू नकोस.”

पण तो बाकाशीच भांडायचा. दांडा छातीवर टेकला की त्याला मास्तरांचं तोंड दिसे, टाचण्यांसकट. तो ते तोंड वर ढकलत असे. माणूस रागाने जे काही करतो, त्यात अंगात बळ येतं हे खरं आहे. ते कुठून येतं आणि त्याचा हिशोब कोण ठेवतो, हे त्यावेळी कुणाला सुचत नाही.

बायकोने चार-पाच आठवडे बघितलं. अंडी संपत होती, डाळ दुप्पट शिजत होती, आणि नवरा कामावर जायच्या आधी पहाटे उठून बाहेर पडत होता. एक दिवस तिने वाटी आपटूनच पुढ्यात ठेवली.

“कुणासाठी चाललंय हे?”

“तुझ्या भावासाठी.”

“दादाने काय घोडं मारलंय तुमचं?”

“कात्री देतो म्हणाला होता.”

“अहो, मग मागा ना कात्री. छाती वाढवून कधी कुणाला कात्री मिळाली आहे का?”

“मागितली. पुतळ्याला डबा लागत नाही म्हणाला.”

भावाची बाजू घ्यावी तर नवरा दुखावतो, नवऱ्याची घ्यावी तर भाऊ. ती दुसऱ्या दिवशी अंडी जास्त घेऊन आली.

चौथ्या महिन्यात पहिला फरक दिसला. हॉटेलवाल्यांचा नवा कोट त्याच्या अंगावर चढवला आणि मधलं बटण लागेना. लागलं तेव्हा दोन्ही बाजूंना कापडाला चुण्या पडल्या. स्टुलावर उभा असलेल्या अडतीसने मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. आता मास्तर मान वर करतील. आता विचारतील, काय रे, तुझं काय चाललंय?

मास्तरांनी चुणी चिमटीत धरली आणि मान मागे वळवली. “खडूबाई.”

खडूबाई म्हणजे कापडावर साचा ठेवून भोवती खडू फिरवणारी बाई. वीस वर्षं तेच काम. बोटांची टोकं पांढरी, पदराला कायम खडूचा डाग. नवरा गेल्यापासून घरात ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू, दोघीच.

“जी?”

“छाती मारलीस. रेघ आतून काढलीस.”

“साच्याला लावूनच काढली, मास्तर.”

“मग कोट काय स्वतःहून आवळला? डोळे तपासून घे.” त्यांनी पुठ्ठ्याच्या साच्याला छातीपाशी अर्ध्या इंचाची पट्टी चिकटवली. “पुन्हा काढ.”

खडूबाई साचा घेऊन गेली. अडतीस स्टुलावरून सगळं बघत होता. जिभेच्या टोकावर आलं होतं. आपण होऊन सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. ज्याच्या बोटांत टेप आहे त्याने ओळखावं. त्यात मजा होती. सहा वर्षं ज्याने माणूस म्हणून बघितलं नाही, त्याला बघायला लावायचं होतं.

पण मास्तर माणसाकडे बघतच नव्हते. त्यांना ताणलेलं कापड दिसायचं, आतला माणूस नाही. मशीनवरच्यांना दिसत होतं. मान जाड झालेली, सदऱ्याचे खांदे भरलेले. इस्त्रीवाला एकदा म्हणाला, “काय अडतीस, सासुरवाडीचं तूप लागलं वाटतं?” आणि पुढे गेला. मास्तरांना ठाऊक असणारच, असं प्रत्येकाला वाटत होतं. तो तर त्यांच्या घरचा माणूस.

दर रविवारी तो आरशापुढे उभा राहून स्वतःला मोजायचा. साडेअडतीस. एकोणचाळीस. मग पावणेचाळीसवर सात आठवडे अडकला, आणि कोचने वजन कमी करून खेपा वाढवायला लावल्या. मग चाळीस. छातीच्या मधोमध रेघ उठली, खालची कड वेगळी दिसू लागली. अंघोळीच्या वेळी तो हात लावून बघायचा आणि त्याला स्वतःचंच नवल वाटायचं. आणि शिवणखान्यात तेच नाटक पुन्हा पुन्हा. नवा नग आवळ व्हायचा, मास्तर खडूबाईला फाडून खायचे, साच्याला आणखी एक पट्टी लागायची.

“मास्तर, साचा फुगत चाललाय,” ती एकदा म्हणाली. “माझ्या मते एकदा मोजून—”

“तुझं मत तुझ्या सासूला सांग. तू खडू सांभाळ.”

ती खाली मान घालून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. जाताना तिने अडतीसकडे बघितलं. तिला काही कळलं होतं म्हणून नव्हे. समोर होता म्हणून बघितलं. त्याने नजर वळवली.

एकदा मास्तर त्याच्या घरी जेवायला आले. “पाहुणे, हल्ली जेवता बरं का तब्येतीत,” म्हणाले आणि बहिणीला डोळा घातला. “यांना एवढं वाढू नकोस. माझं माप बिघडेल.”

“बिघडलंय,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही. भाजी घ्या.”

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पाण्याचा पेला उचलला.

छोट्या-छोट्या कामांत ते निभावून गेलं. इंच-दोन इंच सैल कोट असेल तर वाढपी तक्रार करत नाही, उलट त्याला हात उचलायला बरं पडतं. मग एका मोठ्या इस्पितळाच्या रखवालदारांचं काम आलं. चारशे गणवेश, अंगाबरोबर बसणारे, कडक कापडाचे, खांद्यावर पट्ट्या. पहिला नग अडतीसच्या अंगावर चढला तेव्हा तो त्याला कातडीसारखा बसला. मास्तर दोन पावलं मागे सरले. “याला म्हणतात काम,” म्हणाले. त्या दिवशी त्याची छाती साडेएक्केचाळीस होती. त्याला ते ठाऊक होतं, आदल्याच दिवशी मोजलं होतं. चारशे नग या साच्यावरून कापले जाणार हेही ठाऊक होतं. तो स्टुलावरून उतरला, गणवेश काढून दिला आणि इस्त्री तापवायला गेला.

गणवेश गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. अकरा खोकी. त्यांच्याबरोबर मालक आले आणि एक रखवालदार, अंगात नवा गणवेश घालून. त्याचं माप अडतीसचं. गणवेश त्याच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. मालकांनी त्याच्या छातीवर बटणांच्या फटीतून मूठ आत घातली आणि तिथेच धरून ठेवली.

“मास्तर, हे काय आहे?”

सगळी मशीनं बंद झाली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज नाही पडला. “साचा बरोबर आहे. ट्रायल माझ्यासमोर झाली. खडू जाड फिरलाय. रेघेच्या बाहेरून कापलं की असंच होणार. मी वर्षभर सांगतोय या बाईला.”

“खडूने साडेतीन इंच जातात?” मालक म्हणाले.

“दोन्ही बाजूंनी, पुढून मागून, मिळून जातात. हिचे डोळे गेलेत. हिला बदला, असं मी म्हणणारच होतो.”

खडूबाई टेबलाशी उभी होती. हातातला खडू तिने टेबलावर ठेवला. “साच्याला पट्ट्या मी नाही चिकटवल्या,” ती म्हणाली. “साचा देतील तसा मी फिरवते. देवाला माहीत आहे.”

“देवाला साक्षीला आणू नकोस. ट्रायल अडतीसच्या अंगावर झाली आहे. अडतीसला बसलं म्हणजे बसलं. विचारा त्याला. ए अडतीस, सांग मालकांना. बसला होता की नाही?”

सगळे त्याच्याकडे वळले. तो इस्त्रीच्या टेबलाशी होता, दाराच्या जवळ. चौदा महिने या क्षणाची वाट बघितली होती. फक्त तो असा येईल, मध्ये एक बाई उभी असेल, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. बसला होता एवढं म्हटलं तर ते खोटंही नव्हतं. म्हटलं असतं तर मास्तर सुटले असते, त्यांनी उपकार मानले असते, आणि कदाचित आठ दिवसांत कात्रीही हातात आली असती. बाई गेली असती.

“बसला होता,” तो म्हणाला. मास्तरांनी मालकांकडे हात केला. “पण मी अडतीस नाही. मला मोजा.”

“तुला काय मोजायचं?” मास्तर म्हणाले.

“मोजा.”

“मोजा, मास्तर,” मालक म्हणाले.

तो स्टुलावर चढला नाही. जमिनीवरच उभा राहिला आणि सदरा काढला. मशीनवरून कुणीतरी तोंडाने हवा ओढल्याचा आवाज आला. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, त्याच्या पाठीमागून घेतला, काखेखालून पुढे आणला. त्यांची बोटं गार होती. टेप जुळला आणि त्यांनी आकडा बघितला. त्यांनी टेप आणखी आवळला.

“श्वास सोड.”

“सोडलाय.”

“सोड म्हणतो ना.”

“सोडलाय, मास्तर. आत काही नाही. आहे ते एवढंच आहे.”

मालकांनी वाकून स्वतः आकडा वाचला. “साडेएक्केचाळीस.”

मास्तरांनी टेप सोडून दिला. तो त्यांच्या पायाशी पडला आणि त्यांनी उचलला नाही. “कधीपासून?”

“चौदा महिने.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“तुम्ही मोजलं नाहीत.”

“माझ्या घरचा माणूस,” मास्तर मालकांना म्हणाले, जणू एवढ्याने काही पुरावा होत होता. मग त्याच्याकडे वळले. “माझ्या बहिणीच्या कुंकवाकडे बघून तुला इथे आणला. माझी तीस वर्षं मातीत घालायला तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच सांगितलंत. तू हललास की माझं माप हललं, म्हणालात. मी हललो.”

तो हे किती वेळा मनात बोलला होता. बाकावर, दांड्याखाली, जोर काढताना. आता प्रत्यक्ष बोलला आणि मास्तर खाली पडलेल्या टेपकडे बघू लागले. तो सदरा घालायला वळला, तेव्हा खडूबाई त्याच्या वाटेत उभी होती.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“म्हणून तर सांगितलं. नाहीतर तुम्हाला काढलं असतं.”

“आज सांगितलंस. दहा महिने मला काय काय ऐकवलं त्यांनी, ते तू त्या स्टुलावर उभा राहून ऐकलंस. डोळे गेले म्हणाले, मी डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले डोळे बरे आहेत, तरी मला खात्री वाटेना. घरी रोज मोजून रेघा मारून बघायचे, खरंच हात चुकतो का माझा.” तिचा आवाज चढला नव्हता. “मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांचं डोकं फिरलेलं होतं, पण त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.”

त्याला सदऱ्याची बाही सापडेना. एवढी छाती उघडी टाकून तो सगळ्यांसमोर उभा होता आणि त्याला ती झाकायची घाई झाली होती.

घरी बायकोला आधीच कळलं होतं, भावाचा फोन येऊन गेला होता. ती दारातच म्हणाली, “दादा चुकला. तुम्ही वाईट वागलात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरी फिटत नाही.” आणि तिने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं, पण समोर बसली नाही.

मालक व्यवहारी माणूस होते. त्यांनी कुणालाही काढलं नाही, काढलं असतं तर काम कुणी केलं असतं? चारशे गणवेश उसवायचे, बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी आत घ्यायच्या, आणि वीस दिवसांत परत द्यायचे. मास्तरांकडे साचे राहिले, पण प्रत्येक साचा टेपने मोजून खडूबाईला दाखवायचा, तिने हो म्हटल्याशिवाय कापडावर ठेवायचा नाही. आणि मास्तरांची उमर झाली, आता दुसरा हात तयार हवा, असं म्हणून मालकांनी टेबलावरची दुसरी मोठी कात्री खडूबाईच्या पुढ्यात ठेवली. “वीस वर्षं रेघ काढलीत. आता रेघेवरून कापा.” तिने कात्री उचलली, उघडली, मिटली आणि कामाला लागली. जसं काही ते रोजचंच होतं.

स्टुलावर आता एक कापडी पुतळा उभा केला होता. अडतीसचं नाव मात्र गेलं नाही. पुतळ्याला कुणी अडतीस म्हणेना, त्यालाच म्हणत, फक्त आता म्हणताना हसत नसत. मास्तर त्याच्याशी बोलत नव्हते. काही हवं असेल तर इस्त्रीवाल्याला सांगत, इस्त्रीवाला त्याला सांगे, आणि तिघंही एकाच टेबलाशी असत.

तो उसवत होता. रोज वीस-बावीस नग. बारीक टोकाच्या सुरीने एकेक टाका उचलायचा, तोडायचा, दोरा ओढायचा. साठ किलो वर ढकलणाऱ्या हातांना हे काम जड जात होतं. सुरी घसरायची, कापडाला ओरखडा पडायचा. सहाव्या दिवशी बाकी सगळे जेवायला गेलेले बघून तो कापायच्या टेबलाशी गेला. खडूबाई उभी राहून कापत होती, कात्रीचं खालचं पातं टेबलावरून न उचलता.

“मला शिकवाल?” त्याने विचारलं.

“काय?”

“कापायला.”

तिने कापड संपेपर्यंत कात्री थांबवली नाही. मग वर बघितलं.

“नाही.”

तो जागेवर उभा राहिला. ती आणखी काही बोलेल असं त्याला वाटलं. पुढे कधीतरी, किंवा आधी हे संपव, किंवा नुसती एखादी शिवी. ती साचा बाजूला सारत होती.

“ते सातवं खोकं इकडे आण,” ती म्हणाली. “त्यात शेहेचाळीसचे आहेत, त्यांची पाठ वेगळी घ्यावी लागेल.”

ती खोकी आणताना दोघं जण दोन्ही टोकांना लागत आणि वाटेत एकदा टेकवत. त्याने ते एकट्याने छातीशी धरून उचललं आणि लांब खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. खडूबाई पाठमोरी होती, कापडाची पुढची घडी उलगडत होती. त्याने खोकं तिच्या पायाशी ठेवलं, झाकण उघडलं आणि वरचा गणवेश उसवायला घेतला.